संगणक बंद-चालू करण्याची रीत

नागपुरात गेली सोळा वर्षे मी दुकानांचे, लहान कार्यालयांचे आणि वकिलांच्या चेंबरमधील संगणक सांभाळण्याचे काम करतो. दिवसाचा पहिला फोन बहुधा सकाळी साडेदहाच्या सुमारास, दुकाने उघडली की येतो आणि त्याची भाषा ठरलेली असते: “भाऊ, सिस्टिम अटकली.” मी विचारतो, “बंद-चालू करून पाहिली काय?” उत्तर येते की पाहिली, तीन वेळा पाहिली. मग मी विचारतो की बंद करण्यापूर्वी पडद्यावर काय लिहून आले होते, आणि पलीकडचा माणूस गप्प होतो.

संगणक बंद करून पुन्हा चालू करणे हा खरा उपाय आहे. त्यात अडाणीपणा काही नाही आणि मीही बहुतेक ठिकाणी तोच उपाय सर्वांत आधी करतो. मात्र तो केव्हा करावा, कसा करावा आणि करण्यापूर्वी काय पाहून ठेवावे, हे सहसा कोणी शिकवत नाही. रीस्टार्टमुळे दोष पुसला जातो, पण त्याचबरोबर दोषाची खूणही पुसली जाते. म्हणून आधी नोंद आणि मग बटण, हा क्रम मी माझ्या प्रत्येक ग्राहकाला आग्रहाने सांगतो. पुढील सर्व सूचना विंडोज १० आणि विंडोज ११ यांना धरून आहेत, कारण माझ्या पाहण्यातील जवळजवळ सगळी दुकाने आणि कार्यालये त्यांवरच चालतात.

आधी वही

प्रत्येक संगणकाजवळ एक साधी शंभर पानी वही दोरीने बांधून ठेवावी. संगणक अडला की तारीख, वेळ, त्या क्षणी कोणते काम चालू होते, पडद्यावर कोणता मजकूर आला, गेल्या दोन-तीन दिवसांत नवीन काय बसवले किंवा जोडले आणि शेवटी काय केल्यावर तो सुरळीत झाला, एवढे लिहावे. इंग्रजी मजकूर उतरवण्याचा कंटाळा येत असेल तर मोबाइलवर पडद्याचा फोटो काढावा आणि वहीत फक्त ‘फोटो काढला’ असे लिहावे. या कामाला दोन मिनिटेही लागत नाहीत.

या वहीचे मोल मला इतवारीतील एका ठोक किराणा दुकानात कळले. तेथील बिलाचा संगणक एप्रिलपासून अटकू लागला होता आणि मुनीमजी तो दिवसातून दोन-तीनदा बंद-चालू करून वेळ निभावत होते. मी दोन वेळा जाऊन आलो, परंतु दोन्ही वेळा सकाळी अकराला गेलो आणि दोन्ही वेळा संगणक उत्तम चालला. तिसऱ्या वेळी मी काहीही न उघडता मुनीमजींच्या हाती वही दिली. नऊ दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्या सगळ्या दुपारी एक ते पाच या वेळेतील होत्या. ज्या दिवशी वळवाचा पाऊस येऊन हवा निवली, त्या दिवशी एकही नोंद नव्हती. एवढे वाचल्यावर सॉफ्टवेअरकडे पाहण्याची गरजच उरली नाही. कॅबिनेट गल्ल्याखालच्या लाकडी कप्प्यात कोंबलेले होते. त्याची बाजूची पट्टी काढली, तेव्हा प्रोसेसरवरील हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये धूळ आणि हळद-मिरचीची पूड मिळून नमद्यासारखा जाड थर बसलेला दिसला. पंखा फिरत होता, पण त्याची हवा पात्यांतून पलीकडे जातच नव्हती. ब्रश आणि ब्लोअरने सफाई केली, जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली आणि कॅबिनेट कप्प्याबाहेर मोकळ्या जागी ठेवले. त्यानंतर पावसाळा लागेपर्यंत वहीत नोंद झाली नाही.

दोन महिने रोज केलेल्या रीस्टार्टने त्या दुकानाचे नुकसानच केले होते. यंत्र तापले की बंद-चालू करण्यात जी दोन-तीन मिनिटे जात, तेवढ्यात ते थोडे निवत असे, म्हणून उपाय लागू पडल्यासारखा वाटे आणि खरे कारण झाकलेले राही.

हा उपाय लागू का पडतो

संगणक चालू असताना जे काही घडते, ते रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, घडते आणि वीज गेली की रॅममधील सगळे पुसले जाते. सकाळी सुरू केलेल्या संगणकात दिवसभर कार्यक्रम उघडतात, बंद होतात, एकमेकांकडून फायली घेतात, प्रिंटरची आणि इंटरनेटची वाट पाहत थांबतात. यांतील प्रत्येक कार्यक्रम रॅमचा काही भाग मागून घेतो आणि काम झाल्यावर तो परत करणे अपेक्षित असते. वाचनालयातून पुस्तके नेऊन परत न करणारा सभासद जसा हळूहळू कपाट रिकामे करतो, तसा सदोष कार्यक्रम तासागणिक स्मृती अडवत जातो. तंत्रज्ञ याला मेमरी लीक म्हणतात. साधा कार्यक्रम बंद केला की विंडोज त्याने अडवलेली स्मृती स्वतःच परत घेते. मात्र दोष एखाद्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटर किंवा ग्राफिक्ससारखा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, असेल, तर कार्यक्रम बंद करूनही उपयोग होत नाही, कारण ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्याबरोबर चालतो आणि त्याचे खाते रीस्टार्टशिवाय मिटत नाही.

दुसरे कारण अडकून बसण्याचे असते. एक कार्यक्रम दुसऱ्याने धरलेली फाइल मागतो, दुसरा पहिल्याने धरलेली मागतो आणि दोघेही वाट पाहत राहतात. रीस्टार्टमध्ये दोघांचीही पकड सुटते आणि सर्व कामे ठरलेल्या क्रमाने पुन्हा सुरू होतात. संगणक बनवणाऱ्याने ज्या अवस्थेची सर्वांत अधिक वेळा चाचणी घेतलेली असते, ती नुकताच सुरू झालेला संगणक हीच असते. सलग चाळीस दिवस चाललेल्या संगणकाची तेवढी परीक्षा झालेली नसते.

इतक्या सलग दिवसांचा उल्लेख मी सहज केलेला नाही. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये संगणक सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद एका ३२ बिटांच्या आकड्यात मोजले जात. त्या आकड्याची मर्यादा ४,२९,४९,६७,२९६ इतकी असते आणि तेवढे मिलिसेकंद होण्यास ४९.७ दिवस लागतात. त्या मुदतीनंतर संगणक अडकू शकत असे आणि तो दोष पुढे दुरुस्त करावा लागला. अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाने २०१५ मध्ये बोइंग ७८७ विमानांतील अशाच दोषाबाबत आदेश काढला होता, कारण विमानाच्या जनित्रांचे नियंत्रक सलग २४८ दिवस वीज न तोडता चालू राहिले, तर त्यांतील मोजणी ओसंडून वीजपुरवठाच बंद पडण्याचा धोका होता. त्यावर तातडीचा उपाय म्हणून ठरावीक मुदतीत विमानाचा वीजपुरवठा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करण्यास सांगण्यात आले.

याहून दुःखद उदाहरण २५ फेब्रुवारी १९९१ चे आहे. सौदी अरेबियातील धहरान येथे पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती आणि वेळ मोजण्यातील अगदी बारीक चूक साचत साचत ०.३४ सेकंदापर्यंत पोचली होती. तेवढ्या फरकामुळे येणारे क्षेपणास्त्र टिपता आले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. यंत्रणा फार वेळ सलग चालवू नका, अशी सूचना त्याआधी गेली होती, पण ‘फार वेळ’ म्हणजे किती तास हे तीत सांगितलेले नव्हते. म्हणून माझ्या ग्राहकांना मी मोघम सांगत नाही: दुकानातील संगणक रोज रात्री बंद करावा आणि दर शनिवारी काम संपल्यावर एकदा ‘रीस्टार्ट’ करावा.

‘शट डाउन’ आणि ‘रीस्टार्ट’ यांतील फरक

रोज रात्री बंद होणाऱ्या संगणकाला शनिवारी वेगळा रीस्टार्ट कशासाठी, असे पुष्कळजण विचारतात. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे आणि बहुतेक संगणकांत ती मुळातच चालू असते. ‘शट डाउन’ केल्यावर आपले कार्यक्रम बंद होतात, परंतु विंडोजचा गाभा आणि त्यासोबत चालणारे ड्रायव्हर ज्या अवस्थेत असतील, त्याच अवस्थेत एका फाइलमध्ये साठवले जातात. सकाळी बटण दाबले की ती फाइल परत रॅममध्ये उतरवली जाते. संगणक लवकर सुरू होतो हा फायदा खरा, पण कालचा बिघडलेला ड्रायव्हर आज सकाळी तसाच बिघडलेला परत येतो. ‘रीस्टार्ट’ मध्ये असे साठवणे होत नाही. गाभ्यासकट सर्व काही नव्याने उभे राहते.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ आणि ‘एस्केप’ या तीन कळा एकत्र दाबाव्या, म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘सीपीयू’ निवडले की खाली ‘अप टाइम’ दिसतो. पहिला आकडा दिवसांचा, दुसरा तासांचा. धरमपेठेतील एका चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात संगणक रोज सायंकाळी सात वाजता न चुकता बंद होत असे, तरी तेथे मला २३ दिवसांचा अप टाइम दिसला. तेथील ताईंचा त्यावर विश्वास बसेना. आम्ही तेथेच ‘रीस्टार्ट’ केले, पुन्हा तोच आकडा उघडला, तो शून्य दिवस दाखवू लागला आणि आठवडाभर त्रास देणारा डिजिटल स्वाक्षरीचा टोकन पहिल्याच प्रयत्नात ओळखला गेला.

संगणक पूर्णपणे बंदच करायचा असेल, तर ‘शिफ्ट’ ची कळ दाबून धरून ‘शट डाउन’ वर क्लिक करावे. ही सोय कायमची काढायची असल्यास कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’ मध्ये जाऊन, पॉवर बटणाने काय व्हावे ते ठरवणाऱ्या पानावर ‘फास्ट स्टार्टअप’ समोरील खूण काढावी. एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवलेल्या संगणकात मी ती सरसकट काढून टाकतो, कारण तेथे वाचणारा वेळ नगण्य असतो. ‘स्लीप’ मध्ये तर काहीच बंद होत नसते. लॅपटॉपचे झाकण मिटून तो घरी नेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

अटकलेला संगणक कसा हाताळावा

संगणक अटकला असे वाटले की प्रथम हात आवरावा. वारंवार क्लिक केल्याने प्रत्येक क्लिक रांगेत जाऊन बसते आणि भार वाढतो. कळफलकावरील ‘कॅप्स लॉक’ दाबून त्याचा दिवा लागतो आणि विझतो का, ते पाहावे. दिवा प्रतिसाद देत असेल, तर विंडोजचा गाभा जिवंत आहे आणि अडचण एखाद्या कार्यक्रमापुरती असण्याची शक्यता अधिक आहे. कॅबिनेटवरील डिस्कचा दिवा सतत लुकलुकत असेल, तर काहीतरी लिहिणे-वाचणे चालू आहे असे समजून पाच मिनिटे थांबावे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोजचे अपडेट चालू असताना मी पंधरा मिनिटेही थांबलो आहे आणि काम आपोआप मोकळे झाले आहे.

थांबूनही सुटका झाली नाही, तर टास्क मॅनेजर उघडून प्रतिसाद न देणाऱ्या कार्यक्रमावर ‘एंड टास्क’ करावे. त्या कार्यक्रमात न साठवलेले काम जाईल, बाकीचे वाचेल. खालची पट्टी आणि आयकॉन नाहीसे झाले असतील, तर त्याच यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून ‘रीस्टार्ट’ म्हणावे. संगणक बंद न करता केवळ पडद्याची मांडणी नव्याने सुरू होते. पडदा काळा पडला, पण आवाज येत आहेत, असे असेल तर ‘विंडोज’, ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ आणि ‘बी’ या चार कळा एकदम दाबाव्या. एक बारीक आवाज होतो, पडदा क्षणभर लुकलुकतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. ही युक्ती फार थोड्यांना माहीत असते, म्हणून ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

‘कंट्रोल-ऑल्ट-डिलीट’ ही जोडी त्यानंतरची. १९८१ च्या आयबीएम पीसीसाठी डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने ती तयार केली. चाचणी घेताना संगणक प्रत्येक वेळी वीज तोडून चालू करावा लागू नये, एवढाच तिचा मूळ हेतू होता. त्या काळी तिने संगणक तडक रीस्टार्ट होत असे; आजच्या विंडोजमध्ये ती एक सुरक्षित पडदा उघडते आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यातील पॉवरच्या चिन्हातून रीस्टार्ट करता येते. माऊस चालत नसेल, तर टॅब आणि एंटर वापरून तेथपर्यंत पोचता येते.

या सर्वांना प्रतिसाद नसेल, कॅप्स लॉकचा दिवाही हलत नसेल, तेव्हाच पॉवर बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरावे. हा शेवटचा मार्ग आहे, कारण त्या क्षणी डिस्कवर काही लिहिले जात असेल, तर ते अर्धवट राहते. लेखा सॉफ्टवेअरच्या डेटाला याचा सर्वाधिक फटका बसतो. दिवसाचा बॅकअप घेतलेला असेल, तरच या बटणाला निर्धास्तपणे हात लावावा.

एक प्रकार याहून वेगळा आहे. रीस्टार्ट केले तरी वायफाय कार्ड, यूएसबी पोर्ट किंवा नेटवर्कचा दिवा मृतच राहतो, असे कधी कधी घडते. संगणक बंद असला तरी प्लग चालू असेपर्यंत एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याच्या डब्यातून) ५ व्होल्टचा एक पुरवठा मदरबोर्डला मिळत राहतो, म्हणून अशा भागांची वीज रीस्टार्टमध्ये तुटतच नाही. त्यासाठी संगणक बंद करून भिंतीवरील बटण बंद करावे, प्लग काढावा आणि कॅबिनेटचे पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला प्रवाह निचरू द्यावा. लॅपटॉपचा चार्जर काढून पॉवर बटण १५ ते ३० सेकंद दाबून धरावे. मग अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावे.

सर्व काही बंद करण्याची गरज नसते

सेतू केंद्रावर किंवा बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रावर समोर रांग उभी असताना पूर्ण संगणक रीस्टार्ट करणे परवडत नाही. तेथे जो भाग अडला आहे, तेवढाच बंद-चालू करावा. आधारसाठीचे बोटांच्या ठशांचे यंत्र ओळखले जात नसेल, तर ते काढून दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये लावावे आणि तरीही जमले नाही तर स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधून त्या यंत्राची आरडी सर्व्हिस (यंत्राला आधारशी जोडणारे सॉफ्टवेअर) तेवढी रीस्टार्ट करावी.

प्रिंटरचे तसेच आहे. छपाई अडली की लोक प्रिंटर बंद करतात, संगणक बंद करतात आणि दोन्ही चालू केल्यावर तेच अडलेले पान पुन्हा रांगेत पाहून हताश होतात. कारण रांग रॅममध्ये नसून डिस्कवर साठवलेली असते आणि रीस्टार्टने ती पुसली जात नाही. ‘सर्व्हिसेस’ मध्ये ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवावा, सी ड्राइव्हवरील विंडोज, सिस्टिम३२, स्पूल या फोल्डरांतून ‘प्रिंटर्स’ या फोल्डरात जावे, त्यातील फायली काढून टाकाव्या आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. फोल्डर स्वतः काढू नये.

इंटरनेट गेले की राउटरकडे जाण्यापूर्वी फायबरच्या डब्यावरील दिवे पाहावे. ‘एलओएस’ हा दिवा लाल असेल, तर प्रकाशाचा संकेतच घरापर्यंत येत नाही. नागपुरात सिमेंट रस्त्यांच्या आणि नाल्यांच्या खोदकामात केबल तुटणे नवीन नाही, आणि अशा वेळी राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. सरळ तक्रार नोंदवावी. दिवा ठीक असेल, तर दोन्ही डबे बंद करून अर्धा मिनिट थांबावे, आधी फायबरचा डबा चालू करावा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर चालू करावा आणि आणखी दोन मिनिटे द्यावी.

ज्या वेळी बटणाला हात लावू नये

पडद्यावर फायली कुलूपबंद झाल्याचा आणि पैसे मागणारा मजकूर आला, तर रीस्टार्ट करू नये. नेटवर्कची केबल काढावी, वायफाय बंद करावा, जोडलेला पेनड्राइव्ह किंवा बॅकअपची डिस्क काढून घ्यावी आणि संगणक तसाच चालू ठेवून जाणकाराला बोलवावे, कारण तपासाला उपयोगी पडणाऱ्या खुणा रॅममध्ये असू शकतात. या प्रकाराची तक्रार १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर करता येते.

हार्ड डिस्कमधून टक-टक असा ठोक्यासारखा आवाज येत असेल, तर प्रत्येक रीस्टार्टने डिस्कला पुन्हा फिरण्याचा ताण पडतो आणि उरलेला डेटाही हातचा जातो. अशा वेळी संगणक बंद करावा आणि तो पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. लॅपटॉपवर चहा सांडला तर तेच: चार्जर काढून तो बटण दाबून बंद करावा, उपडा ठेवावा आणि ‘चालतो का’ हे पाहण्यासाठी सुरू करू नये, कारण ओल्या बोर्डमध्ये वीज सोडल्यानेच खरे नुकसान होते. अपडेट किंवा बायोसचे (संगणक सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरचे) काम चालू असताना बटण दाबू नये, हे बहुतेकांना ठाऊक असते. तरी दुपारच्या गर्दीत धीर सुटतो, म्हणून ते दुकान मिटल्यावरच सुरू करावे.

रीस्टार्ट केल्यानंतर संगणक सुरू होताना पुन्हा कोसळत असेल, तर तो तसाच पुनःपुन्हा चालू करत राहण्यात सहसा अर्थ नसतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर आणले, तेव्हा काही संगणक अनेकदा रीस्टार्ट केल्यावर सावरले, कारण एखाद्या वेळी दुरुस्त फाइल कोसळण्यापूर्वी उतरून येत असे; परंतु पुष्कळ ठिकाणी माणसाला यंत्रासमोर बसून, सेफ मोडमध्ये (फक्त अत्यावश्यक भागांसह विंडोज सुरू करून) जाऊन सदोष फाइल काढावी लागली. विंडोज सुरू होताना सलग दोन-तीनदा अडथळा आला की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तेथील ‘ट्रबलशूट’ मधून ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ पर्यंत जाऊन सेफ मोड निवडावा आणि वहीत ‘नुकतेच काय बदलले’ या रकान्यात जे लिहिले असेल, ते सर्वप्रथम काढावे.

संगणक स्वतःच बंद-चालू होत असेल तर

येथे रीस्टार्ट हेच लक्षण असते. नागपुरात याची दोन कारणे मला सर्वाधिक आढळतात, आणि दोन्ही उन्हाळ्याशी निगडित आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, दुकानातील हवाच तापलेली असते आणि प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही निवला नाही, तर संगणक बंद करतो. डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडल्याने हा प्रश्न सुटत नाही. ओलसर हवेने आतली धूळ चिकटून बसते आणि पुढील वर्षी त्रास वाढतो. कूलर बाजूला असावा, कॅबिनेटमागे वीतभर मोकळी जागा असावी आणि मार्च संपण्यापूर्वी एकदा सफाई करून घ्यावी.

दुसरे कारण यूपीएसची बॅटरी. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते आणि त्यावर दर दहा अंशांना ते साधारण निम्मे होते, म्हणून आपल्याकडे ती लवकर मरते. मग वादळवाऱ्यात दिवे क्षणभर मिचमिचले तरी संगणक रीस्टार्ट होतो. बॅटरी तपासण्यासाठी संगणक सुरू करून बायोसच्या पडद्यावर थांबवावा, कारण तेथे डिस्कवर काही लिहिले जात नाही, आणि मग भिंतीवरील बटण बंद करावे. पाच मिनिटे टिकला तर बॅटरी ठीक आहे. तत्काळ बंद पडला तर ती बदलावी.

ही दोन्ही कारणे नसतील, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोज स्वतः ठेवत असलेल्या नोंदवहीत, ‘सिस्टिम’ च्या नोंदी पाहाव्या. तेथे ‘कर्नेल-पॉवर’ आणि ४१ हा क्रमांक दिसला, तर संगणक रीतसर बंद न होता थांबला एवढेच सिद्ध होते. त्याच्या आधीची नोंद काय आहे, ते पाहणे अधिक उपयोगाचे. निळा पडदा क्षणात निघून जात असेल, तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ मधील ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ मध्ये ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ समोरील खूण काढावी, म्हणजे तो थांबून राहील आणि फोटो काढता येईल.

एका छोट्या दोषाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. दिवाळीच्या सुटीत प्लग काढून ठेवलेला जुना संगणक सुरू केला की बँकेची आणि सरकारी संकेतस्थळे ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणू लागतात आणि लोक अर्धा दिवस रीस्टार्ट करण्यात घालवतात. उजव्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. ती कित्येक वर्षे मागे गेलेली असेल, तर मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपलेली आहे. ती बदलून तारीख लावली की सर्व संकेतस्थळे उघडतात.

एकच दोष आठवड्यात तिसऱ्यांदा वहीत आला, की रीस्टार्ट थांबवून दुरुस्तीवाल्याला फोन करावा आणि वहीतील नोंद जशीच्या तशी वाचून दाखवावी. इतवारीचे मुनीमजी आता मला असा निरोप धाडतात: “भाऊ, मंगळवारी तीन वाजून दहा मिनिटं, बिल छापताना, निळा पडदा, फोटो पाठवला आहे, लाइट गेली नव्हती, सोमवारी नवा प्रिंटर लावला.” हे वाचून मी गाडी काढण्यापूर्वीच त्या प्रिंटरचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून घेतो.